परवान्यावरची नावं

चंद्रभागा गांगुर्डे एसटीत कंडक्टर होती. नाशिक-सिन्नर मार्गावर तिनं बावीस वर्षं तिकिटं फाडली. आपल्या गाडीतून फुकट गेलेला एक माणूस दाखवा, असं ती छातीठोक सांगायची. नवरा वारलेला. निवृत्त झाल्यावर ती एकटीच इंदिरानगरात राहायला आली आणि रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जाऊ लागली. तिथंच तिची अक्काबाईशी गट्टी जमली. अक्काबाई मूळची नामपूरची, सत्तरीची, गुडघ्यांनी बेजार. एक फेरी मारून बाकावर बसायची आणि बाकीच्यांच्या फेऱ्या मोजायची.

ट्रॅकवरच्या चौदा बायकांनी गेल्या वर्षी चंद्रपूरच्या जंगलात वाघ बघायला जायचं ठरवलं. सहल न्यायला सिडकोतला योगेश होता. त्याची स्वतःची सतरा सीटांची ट्रॅव्हलर होती आणि जिभेवर साखर. "साडेपंधरा हजार, मावशी. गाडी, हॉटेल, जेवण, जंगलाची एंट्री, सगळं धरून. वर एक रुपया नाही." चंद्रभागानं स्वतःचे आणि अक्काबाईचे मिळून एकतीस हजार रोख त्याच्या हातात ठेवले. पावती मागितली नाही. जन्मभर पावत्या देणाऱ्या बाईला त्या दिवशी ती मागायची लाज वाटली.

जंगलाच्या गेटवर सकाळी सहाला सफारीच्या दोनच उघड्या जिप्स्या उभ्या होत्या. एका जिप्सीत सहा जण. योगेशनं कागद काढून नावं वाचायला सुरुवात केली. बारा नावं झाली आणि कागद घडी करून खिशात गेला.

"आमची?" चंद्रभागानं विचारलं.

योगेश सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मावशी, तुमच्या दोघींचे एंट्रीचे पैसे आलेच नाहीत. दोनदा आठवण केली तुम्हाला."

"काय बोलतोस? सगळ्यांनी दिले तेवढेच मी दिलेत. तुझ्या हातात मोजून दिलेत."

"ते गाडीचे नि हॉटेलचे. एंट्री वेगळी. आता बिनपैशाचं आत कसं सोडतील?"

सगळ्यांनी तेवढेच पैसे दिले होते. ते त्या बाराही जणींना माहीत होतं. कुणी तोंड उघडलं नाही. हर्षाली, त्यांच्यातली सगळ्यात तरुण, जिप्सीच्या पुढच्या सीटवरून म्हणाली, "ताई, गेट उघडलंय. पैशांचं नंतर बघा ना." जिप्स्या गेल्या.

त्या दोघी चहाच्या टपरीवर चार तास बसल्या. येणारे-जाणारे ड्रायव्हर बघत होते. टपरीवाल्यानं विचारलं, "बुकिंग नव्हतं का?" अक्काबाई पदर तोंडाशी धरून खाली बघत राहिली. दहा वाजता बाकीच्या परतल्या त्या हातवारे करतच. वाघीण होती, दोन बछडी होती, पाण्यात बसली होती. परतीच्या वाटेवर गाडीत कुणीतरी चेष्टेनं "आपल्या बिनतिकीट मावशी" म्हणालं आणि चार-पाच जणी हसल्या.

तेव्हापासून अक्काबाईनं ट्रॅकवर येणं सोडलं. चंद्रभागा तिच्या घरी गेली की ती म्हणायची, "जाऊ दे चंद्रे. माझं वाघ बघायचं वय हाय का आता?"

चंद्रभागानं जाऊ दिलं नाही.

तिनं आधी जंगलाचं बुकिंग कसं होतं ते शिकून घेतलं. मोबाईलवर तासन् तास बसायची. परवाना माणशी नसतो, जिप्सीचा असतो, हे तिला कळलं. त्यात जिप्सीचं भाडं वेगळं, गाईड वेगळा, मोठा कॅमेरा असेल तर त्याचे वेगळे. शनिवार-रविवार महाग, मधले वार स्वस्त. सहा जणी बसल्या तर सहावा हिस्सा, चौघीच बसल्या तर भार वाढला. तिनं रेघा आखलेल्या कागदावर सगळा हिशेब मांडला. रेल्वेनं नागपूर, तिथून भाड्याच्या जीपा, साधं लॉज, दोन सफारी. माणशी नऊ हजार आठशे. मग योगेशचे साडेपंधरा शेजारी लिहिले. दोन जिप्स्यांत बारा माणसं बसवून त्यानं चौदा जागा विकल्या होत्या. कुणाला खाली उतरवायचं, एवढंच त्यानं गेटवर ठरवलं होतं. एक म्हातारी आणि एक विधवा, मागं कुणी भांडायला येणार नाही अशा.

हिशेबात तिला आणखी दोन गोष्टी सापडल्या. परवाना काढताना आधार कार्डावरचं नाव द्यावं लागतं, ते नंतर बदलता येत नाही. आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत. तो कागद तिनं घडी करून देवघराच्या फळीवर ठेवून दिला.

जानेवारीत योगेशनं पुन्हा सहल काढली. ट्रॅकवरच्या बारा जणी तयार झाल्या. भाव तोच साडेपंधरा हजार, पण या खेपेला त्यानं प्रत्येकीकडून आधी दोनच हजार घेतले होते, बाकीचे निघताना. चंद्रभागाचा कागद तयार होता. पण तिनं कुणाला काही सांगितलं नाही. ती रोज फेऱ्या मारत राहिली, हर्षालीच्या सहलीसाठीच्या खरेदीचं कौतुक ऐकत राहिली. योगेशनं बायकांकडून आधार कार्डाचे फोटो मागवले तेव्हाही ती गप्प राहिली.

महिनाभरानं योगेशनं ट्रॅकवरच्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवाने टाकले. शनिवार-रविवार, दोन जिप्स्या, दोन सफारी, बाराही जणींची नावं. खाली लिहिलं होतं, "कन्फर्म! हॉटेलचेही पूर्ण पैसे भरले. यंदा तक्रारीला जागा नाही."

अर्ध्या तासात चंद्रभागानं आपल्या कागदाचा फोटो त्याच ग्रुपवर टाकला. प्रत्येक रकमेपुढं ती कुठून आली ते लिहिलेलं. खाली एकच ओळ: "याच भावात मी नेते. बुधवार-गुरुवार. पावती मिळेल."

पहिला फोन हर्षालीचा आला. "ताई, पाच हजार सातशेचा फरक? खरंच?"

"बेरीज तूच करून बघ."

रात्रीपर्यंत दहा जणी फुटल्या, सकाळी उरलेल्या दोघी. चंद्रभागानं मेन रोडवरून पावती पुस्तक आणलं आणि एकेकीला पावती फाडून दिली. योगेशच्या हातात बारा नावांचे परवाने राहिले. ती नावं सोडून दुसरं कुणी त्यांवर आत जाऊ शकत नव्हतं. वर बायकांनी त्याच्याकडून दोन-दोन हजारही वसूल केले.

चार दिवसांनी तो तिच्या दारात आला. सोबत बायको होती, चैताली. तिनं घरात पाऊल टाकताच चंद्रभागाच्या पायांना हात लावला.

"मावशी, लाखभर गेले माझे," योगेश म्हणाला. "गाडीचे दोन हप्ते थकलेत. तुम्ही मुद्दाम थांबलात. मी पैसे भरेपर्यंत थांबलात."

"हो," चंद्रभागा म्हणाली.

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यानं चैतालीकडं बघितलं. मग म्हणाला, "तुमच्या दोघींचे एकतीस हजार थोडे थोडे करून देतो. पण बायकांना सांगा, परत या म्हणून."

"पैसे नकोत. उद्या सकाळी सहाला ट्रॅकवर ये. सगळ्यांसमोर सांग, आम्ही पैसे दिले होते."

तो आला. दाढी वाढलेली, हात मागे बांधलेले. चंद्रभागानं रिक्षा पाठवून अक्काबाईलाही बोलावून घेतलं होतं आणि बाकावर बसवलं होतं. बायका गोळा झाल्या. "दोघी मावशींनी पूर्ण पैसे दिले होते. जागा मी कमी काढल्या होत्या. खोटं बोललो," योगेश जमिनीकडं बघून म्हणाला.

"मोठ्यानं," चंद्रभागा म्हणाली. "तिथं मोठ्यानं बोलला होतास."

तो मोठ्यानं बोलला. पळणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. हर्षाली म्हणाली, "ताई, आता पुरे ना." चंद्रभागानं तिच्याकडं नुसतं बघितलं, तशी ती मागं सरकली.

चैताली पुढं आली. "मावशी, झालं ना तुमच्या मनासारखं? आता सांगा ना सगळ्यांना. सहलीला आमच्याबरोबरच या म्हणून."

"मी सांगेन असं कधी म्हणाले?"

चैतालीचा चेहरा पांढरा पडला. योगेशनं मान वर केली. त्या एका नजरेसाठी चंद्रभागा वर्षभर जगली होती. तिनं ती पुरेपूर बघून घेतली आणि फेरी मारायला निघाली.

मार्चमध्ये चौदा जणी गेल्या, तीन जिप्स्या घेऊन. दोन जिप्स्यांत पाच-पाच, एकीत चौघी. हे नऊ हजार आठशेत आधीच धरलेलं होतं. अक्काबाईला तिनं पुढची सीट दिली. दुसऱ्या सकाळी गाईडनं हात वर केला आणि बांबूच्या बेटातून एक वाघीण रस्त्यावर आली, कुणाकडं न बघता पलीकडं गेली. "केवढी हाय गं!" अक्काबाई पुटपुटली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. चंद्रभागाला मनापासून बरं वाटलं. पण गेटवर बाहेर पडताना तिची नजर टपरीकडं गेली आणि तिला वाटलं, योगेश आत्ता इथं बसलेला हवा होता.

परतीच्या रेल्वेत हर्षालीनं बातमी सांगितली. ट्रॅव्हलर फायनान्सवाल्यांनी उचलून नेली. योगेश आता दुसऱ्याची जीप चालवतो, सिन्नर फाट्यावरून. चैताली कुणाच्या तरी घरी पोळ्या लाटायला जाते.

उजाडताना, बाकीच्या झोपेत असताना, अक्काबाईनं विचारलं, "चंद्रे, ती पोरगी पाया पडली होती ना तुझ्या?"

"पडली होती."

"तिनं काय केलं होतं?"

बाहेर भुसावळच्या केळीच्या बागा मागं पडत होत्या.

"काही नाही," ती म्हणाली.

"आणि तरी तुला बरं वाटतंय?"

"वाटतंय अक्का. खोटं कशाला बोलू? लय बरं वाटतंय."

अक्काबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली, कूस बदलली आणि खिडकीकडं तोंड करून पडून राहिली.