बॅच नंबर सतराची गुळवेल

आंबिवलीच्या रामा ओव्हाळांच्या घरात चूर्ण, काढा, अर्क असलं काही सापडलं की त्यांची मुलगी मृणाल ते उचलून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकायची. विचारपूस नाही, दयामाया नाही. विहारातल्या मित्राने प्रेमाने दिलेली पुडी असो, नाहीतर आत्याने गावाहून धाडलेली मुळी, बाई सगळ्यांना सारखाच न्याय लावायची. आणि का नाही लावणार? डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत ती असल्याच वस्तू तपासायची. कशात शिसं निघतं, कशात पारा, कुठल्या 'शंभर टक्के नैसर्गिक' गोळीत चक्क स्टेरॉइड घातलेलं असतं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. "झाडपाला आहे म्हणजे बिनधोक असं नसतं, बाबा," हे वाक्य तिने घरात इतक्या वेळा म्हटलेलं की तिची आई मंजुळाबाई मेथी निवडतानाही ते तिच्याच आवाजात म्हणून दाखवायच्या.

रामाभाऊ कुरकुरायचे, पण ऐकायचे. माणूस तीस वर्षं पालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्वमन होता. नळाला गढूळ पाणी आलं की लोक वरच्या साहेबाला नाही, ह्यांनाच गाठायचे आणि आईबहिणीवरून शिव्या घालायचे. म्हणून पोरगी नोकरीला लागली त्या दिवशी त्यांनी तिला एवढंच सांगितलेलं, "लोकांच्या पोटात जाणारी गोष्ट आहे बाळा. कामात हयगय करू नको." बाकी मग अभिमानाला तोटा नव्हता. घराण्यातली पहिली एमएस्सी! चाळीत कोणी विचारो न विचारो, "आमच्या मृणालची सही पडल्याशिवाय औषध बाजारात जात नाही," असं ऐकवायचेच. थोडं जास्तच सांगायचे, खोटं कशाला बोला. पण बापाने नाही मिरवायचं तर कोणी?

ह्या अभिमानानेच त्यांचा घात केला.

झालं असं, की जूनमध्ये रक्त तपासलं तेव्हा त्यांची साखर काठावर निघाली. गोळी अजून लागत नव्हती, पथ्य सांगितलेलं. पथ्याने माणसाचं समाधान होतं थोडंच? रामाभाऊ कल्याणला गेले आणि एका दुकानात गुळवेलीचं चूर्ण बघत उभे राहिले. घ्यावं की नको, पोरगी फेकून देईल. तेवढ्यात दुकानदाराने पाकिटावरच्या चौकोनी कोडवर स्वतःचा मोबाइल धरला आणि म्हणाला, "काका, लॅबचा रिपोर्ट बघा ना, मग घ्या." रिपोर्ट उघडला. शिसं, पारा, आर्सेनिक, जंतू, सगळ्यांसमोर पास. आणि सगळ्यात खाली, तपासणाऱ्याचं नाव: मृणाल रामा ओव्हाळ.

रामाभाऊंचं दुकानात नाचायचंच काय ते बाकी राहिलं. घरी येऊन त्यांनी बायकोला पाकीट दाखवलं. "आता हे घ्यायला कोणाच्या बापाची हरकत आहे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तरीपण तिला बोलू नको हं. रिपोर्ट तिचाच, पण ओरडेल ती." मृणाल सकाळी सातला घर सोडायची. ती जिना उतरली की मंजुळाबाई कोमट पाण्यात चमचाभर पूड कालवायच्या. पाकीट पिठाच्या डब्यामागे राहायचं. नवराबायकोची गंमतच चाललेली म्हणा ना, ह्या वयात लेकीपासून चोरून काहीतरी करायची.

ऑगस्टमध्ये रामाभाऊंचं जेवण तुटलं. मग अंगाला खाज सुटली, मग डोळे पिवळे झाले. कॉलनीतल्या डॉक्टरांनी साधी कावीळ असेल म्हणून आराम सांगितला आणि रक्त तपासायला दिलं. पाच दिवस त्यात गेले. रिपोर्ट आले तेव्हा नेहमीच्या काविळीचा एकही विषाणू सापडला नव्हता, आणि लिव्हर मात्र पार ढासळलेलं. त्याच दिवशी त्यांना ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, जो मृणाल त्यांच्या जागी असती तर तिने विचारला असता. "काही आयुर्वेदिक, घरगुती, झाडपाल्याचं घेत होते का?"

"आमच्या घरात?" मृणाल म्हणाली. "छे, डॉक्टर. माझं कामच ते आहे. मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही."

पलंगावरून रामाभाऊंनी हात वर केला, वर्गात पोरं करतात तसा. "एक पावडर घेतो मी. गुळवेलीची. पण ती चालते मॅडम, ती नका लिहू. हिनेच पास केलीय."

मृणालला आधी कळलंच नाही ते काय बोलतायत. मग कळलं. ती तिथल्या स्टुलावर बसली.

मंजुळाबाईंनी घरून पाकीट आणलं. बॅच नंबर सतरा. मृणालने कोड उघडला, खालचं नाव वाचलं, तारीख वाचली, आणि मार्चमधला तो शनिवार तिला जसाच्या तसा आठवला.

आता हे नीट सांगायला हवं, कारण चूक एवढीशीच होती आणि ती सगळ्यांचीच रोजची होती. चूर्ण लॅबमध्ये आलं की फॉर्मवर पहिला रकाना असतो ओळखीचा. म्हणजे माल पाठवणारी पार्टी म्हणते ती वनस्पती ही खरंच आहे का? त्यासाठी अस्सल वनस्पतीचा अर्क आणि आलेल्या पुडीचा अर्क काचेच्या पट्टीवर शेजारी शेजारी चढवायचे आणि ठिपके जुळतात का बघायचं. दोन तासांचं काम. पण पार्टी जुनी असली, गर्दी असली, की लॅबमध्ये एक पद्धत पडून गेलेली: चिमूटभर जिभेवर ठेवायची. गुळवेल ना? कडू लागली? मग झालं. त्या शनिवारी एकोणचाळीस सॅम्पल होती आणि कुरियरवाला दारात खोळंबलेला. मृणालने चिमूट जिभेवर ठेवली, तोंड वेडंवाकडं केलं, चूळ भरली आणि रकान्यात लिहिलं, 'जुळते'. शिसं, पारा, जंतू, बाकी सगळं तिने डोळ्यांत तेल घालून तपासलं. त्यात काही नव्हतंच. विष शोधलं आणि वनस्पती कुठली ते बघायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅबमध्ये गेली. प्रत्येक बॅचची थोडी पूड कपाटात राखून ठेवलेली असते, त्यातली सतरा नंबरची बाटली काढली आणि पट्टी चढवून बसली. दोन तासांनी ठिपके वर आले. अस्सल गुळवेलीचे एका जागी, हिचे भलत्याच. रानात गुळवेलीच्या शेजारीच तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वाढते. पानं तशीच हृदयाच्या आकाराची, चव तशीच कडूजहर, खोडावर गाठी तेवढ्या जास्त, आणि रोज पोटात गेली तर लिव्हर खाते. तोडणाऱ्याची नजर चुकली तर दोन्ही एकाच पोत्यात जातात, आणि पूड झाल्यावर कोण कुठली ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. सांगायचं काम मृणालचं होतं. ती पट्टी हातात धरून उभी राहिली आणि लॅबमध्ये सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली.

डॉक्टरीणबाईंना तिने फोनवरच सगळं सांगितलं. लिव्हर बदलायची भाषा निघाली. मृणाल म्हणाली, माझं घ्या, हवं तेवढं घ्या, आत्ता घ्या. पण रामाभाऊंचं हृदय एवढं मोठं ऑपरेशन सोसणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं आणि नाही म्हणाल्या.

दुपारी रामाभाऊ शुद्धीत होते. आवाज बारीक झालेला, पण डोळे ओळखीचे. मंजुळाबाई खाली चहा प्यायला गेलेल्या.

"बाबा, ती पावडरच होती," मृणाल म्हणाली.

"काहीतरीच काय. तू तपासलेली ना?"

"नाही तपासली नीट. चव घेतली आणि लिहून टाकलं. ती गुळवेल नव्हतीच, बाबा. माझ्याने चूक झाली."

आता ते चिडतील असं तिला वाटलं. चिडावं असं वाटलं. एक शिवी द्या, थोबाडीत मारा, काहीतरी करा ना बाबा! रामाभाऊंनी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना ते बघून घेतलं आणि तिचं मनगट धरलं.

"तुझ्या मॅडमला कळलंय?"

"नाही अजून. लॅबमध्ये कोणालाच सांगितलं नाही."

"मग बोलू नको. नोकरी जाईल तुझी. माझं काय गं, मी काय आता धावायला जाणारे? तू बोलू नको कोणाला. आईलापण नको. तिचं डोकं फिरेल."

"बाबा, तीच पावडर अजून लोक खातायत."

ह्यावर त्यांनी तिचं मनगट सोडलं. तीस वर्षं लोकांना पाणी सोडलेला माणूस, त्याला काय समजत नव्हतं?

"हो," ते शेवटी म्हणाले. "ते पण आहेच." आणि मग लगेच, लहान पोरासारखे, "पण तुझी नोकरी, मृणाल..." एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. पिवळ्या पडलेल्या गालावरून पाणी उशीवर उतरताना तिला दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची शुद्ध हरपली. चिकणघरचं पाणी सोडलं का, व्हॉल्व अर्धाच फिरव, असं काहीबाही बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मृणालने बापाचं ऐकलं नाही. कसं ऐकणार? अंत्यविधी उरकल्यावर दुसऱ्याच सकाळी ती योगिनी मॅडमच्या समोर जाऊन उभी राहिली आणि पट्टी टेबलावर ठेवली. लॅबच्या मुख्य त्या. ओरडतील असं वाटलेलं. त्या ओरडल्या नाहीत. पांढऱ्याफटक पडल्या आणि म्हणाल्या, "तू एकटीच नाहीस गं, आपण सगळेच असं करत आलो." त्याने मृणालला बरं वाटलं नाही. त्याच दिवशी कंपनीला पत्र गेलं, सरकारी खात्याला गेलं, दुकानांतून सतरा नंबरची पाकिटं उचलायला सुरुवात झाली. मृणालला घरी बसवलं. पुढचं पुढे बघू म्हणाले.

राहिला एक फॉर्म. औषधाने कोणाला अपाय झाला की तो भरून द्यायचा असतो. असे फॉर्म तिने पुष्कळ वाचलेले. पुढची तपासणी सगळी त्याच्यावर चालते. जलदान विधी झाला, पाहुणे पांगले, आणि त्या दुपारी ती फॉर्म घेऊन आईसमोर जमिनीवर बसली. रुग्णाचं नाव लिहिलं. वय लिहिलं, सदुसष्ट. पुढचा रकाना होता, मात्रा: रोज किती आणि किती दिवस. ते तिला ठाऊक नव्हतं. ते एका आईलाच ठाऊक होतं.

म्हणजे आईला आता सांगणं आलं.

तिने सांगितलं. शनिवार, चिमूट, 'जुळते', सगळं. मंजुळाबाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या.

"आई, फॉर्ममध्ये विचारलंय. किती देत होतीस?"

"एक चमचा. सकाळी. पंधरा जूनपासून."

मृणालने लिहिलं. "शेवटपर्यंत एकच?"

मंजुळाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"डोळे पिवळे दिसायला लागले ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी वाढवली. काविळीवर गुळवेल चांगली म्हणतात. माझी आई द्यायची आम्हाला, पाल्याचा रस काढून. मी सकाळी दोन चमचे केले, संध्याकाळी दोन. ॲडमिट करेपर्यंत. ते नको म्हणाले. मळमळतंय गं, आज राहू दे म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या लेकीने तपासलंय, नखरे करू नका, गिळा मुकाट्याने. नाक दाबून प्यायले, मृणाल. माझ्यासाठी प्यायले ते."

मृणालने फॉर्म बाजूला टाकला आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "आई, तुझी चूक नाही. आई, बघ माझ्याकडे. तुझी नाही चूक."

मंजुळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी सरळ, खरंच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग कोणाची?"

मृणाल म्हणाली, "माझी."

मंजुळाबाईंनी आपले हात तिच्या हातातून सोडवून घेतले. हळूच सोडवले, हिसका नाही दिला. गुडघ्यावर भार देऊन उठल्या.

"लिही," त्या म्हणाल्या. "सकाळी दोन, संध्याकाळी दोन. पाच दिवस. आणि बायकोने दिलं म्हणून लिही."

त्या आत गेल्या आणि कडी लावून घेतली. आत त्यांचं रडू ऐकू यायला लागलं, तोंडात पदर कोंबून रडतात तसं. मृणाल दारापाशी गेली.

"आई," तिने हाक मारली. "आई, दार उघड ना."

आतलं रडणं थांबलं. दार काही उघडलं नाही.