गोड लागतंय का?

"गोड लागतंय का?" सेफ्टी मॅडमनी विचारलं.

दाजींच्या डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकची टोपी थेट गळ्यापर्यंत उतरवलेली होती आणि तिच्या आत नाकातोंडावर रबरी मास्क. टोपीच्या भोकातून मॅडम चवीच्या पाण्याचा फवारा मारत होत्या. मास्क घट्ट बसला असेल तर चव आत पोचत नाही. चव लागली की समजायचं, कुठूनतरी फट आहे. दाजींच्या बाबतीत ती फट कुठे आहे हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. मास्कच्या कडेखालून दोन्ही गालांवर त्यांच्या मिशीची टोकं बाहेर डोकावत होती.

"अजिबात नाही," दाजी म्हणाले. चेहरा वाकडा झाला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"नक्की? जरासुद्धा गोड नाही?"

"आईशप्पथ नाही. गोड कसलं, कडू विष आहे नुसतं!"

मी कपाळावर हात मारला. मॅडमनी शांतपणे बाटली फिरवून चिठ्ठी दाखवली. गोड पाणी संपलं होतं, म्हणून यंदा कडू आणलं होतं.

"म्हणजे तीन वर्षं गोड चाखून गप्प बसलात?" मॅडम म्हणाल्या.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. कारखान्यात मी भांडारात आणि ते मिक्सिंगला. पोत्यातली काळी भुकटी मापून प्लास्टिकच्या मिश्रणात ओतायची, हे त्यांचं काम. ही भुकटी म्हणजे कार्बनच्या नळ्या. इतक्या बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो मावाव्यात. मॅडम तिला नॅनोट्यूब म्हणतात, आम्ही काजळ म्हणतो. आपल्या हातून धूळ उडतच नाही असा दाजींचा दावा. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल वेगळं सांगतो.

दाजी अंगाने किरकोळ, पण मिशी अशी की फाटकातून आधी ती आत येते आणि मागाहून दाजी. कारखान्यात त्यांना मिशीशेठ म्हणतात. बोलताना पीळ, ऐकताना पीळ, आणि साहेब ओरडत असला की दोन्ही हातांनी पीळ.

"फुप्फुसांचा जोर मोजायला फुंकता ना, त्या यंत्रात यंदा तुमचा आकडा उतरलाय," मॅडम म्हणाल्या. "कारण हेच असं मी म्हणत नाही. पण मिशी आणि मास्क दोन्ही एका तोंडावर राहणार नाहीत. सोमवारपर्यंत ठरवा."

मिशीवाल्यांसाठी गाळलेली हवा आत सोडणारी पंख्याची टोपी असते म्हणे. ती आमच्याकडे गेली तीन वर्षं 'येतेच आहे'.

"अहो मॅडम, मिशी हीच माझी गाळणी आहे," दाजी म्हणाले आणि ऐटीत बाहेर पडले.

संध्याकाळी मी ताईकडे चहाडी करायला गेलो. ताई वीस वर्षं रस्ते झाडते.

"फुप्फुसात नळ्या?" ती म्हणाली. "मग डॉक्टर कशाला, प्लंबरच बोलवू या."

"तेच म्हणतोय मी!" दाजींना जोर चढला. "आणि झालं ते उंदरांना झालं. माणसांचं अजून पुरतं कळलेलं नाही, मॅडमच म्हणाल्या."

"उंदरांना काय झालं?"

दाजी छताकडे बघू लागले, म्हणून मी सांगितलं. मॅडमचं प्रशिक्षण मी अर्धवट झोपेतच ऐकलं होतं, तरी एवढं आठवत होतं. फुप्फुसात सफाई कामगारासारख्या पेशी असतात, आलेली धूळ त्या गिळून टाकतात. पण नळी लांब आणि ताठ असली की पेशीच्या घशात अडकते. अर्धी आत, अर्धी बाहेर. मग तिथे सूज येते, सुजेचे व्रण होतात, आणि व्रण पडलेलं फुप्फुस कडक होतं, नीट फुगत नाही.

ताईचं हसू मावळलं.

"माझ्या ढकलगाडीत कुणी लांब सळई टाकली की अस्संच होतं," ती म्हणाली. "झाकण लागत नाही, पिशवी फाटते, सगळा कचरा रस्त्यावर. वर शिव्या मलाच." मग ती दाजींकडे वळली. "आत माझ्यासारखंच कुणीतरी राबतंय, आणि तुम्ही त्याच्या अंगावर सळया टाकताय? मिशीपायी?"

दाजींचा हात पिळासाठी वर गेला आणि तसाच खाली आला.

"तू बघितलं नाहीस खाली काय आहे ते," ते म्हणाले.

मला काही कळेना. मग ताईनेच सांगितलं. दाजींचा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला होता. लहानपणी तो शिवला, तर शाळेतली पोरं त्यांना 'टाका' म्हणून चिडवायची. मिशी फुटली आणि ती हाक थांबली. तेव्हापासून त्या ओठाला वस्तरा लागला नाही. लग्नाआधी त्यांनी ताईला हे सांगितलं होतं, पण तीस वर्षांत दाखवलं कधीच नाही. इतकी वर्षं मी त्या मिशीची टिंगल करत आलो होतो. मला मान वर करवेना.

"मिशी परत उगवेल," ताई म्हणाली. "तुम्ही गेलात तर मी कुठून आणू?"

रविवारी सकाळी मी पुन्हा गेलो. न्हाणीघराचं दार तासभर बंद होतं. दाजी बाहेर आले ते तोंडावर टॉवेल धरून, बँक लुटायला निघाल्यासारखे.

ताईने टॉवेल खाली ओढला. ओठापासून नाकपुडीपर्यंत एक पांढुरकी, वाकडी रेघ गेलेली होती. बाकी चेहरा उन्हात रापलेला आणि मिशीखालची कातडी कोवळी. ताईने त्या रेघेवरून हळूच बोट फिरवलं.

"एवढंच?"

"एवढंच," दाजी म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

ताई आत गेली. डब्यातून चिमूटभर साखर आणून तिने ती त्याच ओठावर ठेवली.

"गोड लागतंय का?"

"लागतंय," दाजी म्हणाले, आणि सवयीने त्यांचा हात गालाकडे गेला. तिथे पीळ द्यायला काही नव्हतं. थोडा वेळ तो हवेतच राहिला. मग त्यांनी तो ताईच्या हातावर ठेवला.