हिरव्या इरकलीतल्या आजींसाठी सूचना

माझ्या बायकोला पोहता येतं, हे मी चाळीस वर्षं नुसतं ऐकत आलो होतो. जळकोटजवळ तिचं माहेर. तिथल्या मळ्यातल्या विहिरीत ती लहानपणी मोटवणावरून, म्हणजे मोट ओढायच्या काठावरून, उडी टाकायची, तळाचा दगड वर काढायची आणि भावांना हरवायची, असं तीच सांगायची. आमचं लग्न झालं तेव्हा लातूर जिल्हा व्हायचा होता. पुढं जिल्हा झाला, भांड्यांचं आमचं दुकान वाढलं, मुलांची लग्नं झाली, पण रत्नम्मा पाण्यात उतरलेली काही मला दिसली नाही. माहेरी गेलो की कधी पाहुणे असायचे, कधी तिची कंबर धरलेली असायची, कधी नुसती लाज. मी चिडवायचो, "विहीर जास्त खोल का तुझी थाप?" ती म्हणायची, "बघाल एक दिस."

दुष्काळात पाण्याची रेल्वे लातूरला आली त्या उन्हाळ्यात तिच्या भावाचा फोन आला. विहिरीचा तळ उघडा पडला होता. त्यानं फोटोही पाठवला. रत्नम्मानं तो बघितला, मोबाइल मला परत दिला आणि गवार मोडायला बसली. ती भांडली तर मला चालतं, गप्प बसली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. त्याच दिवशी मी ठरवलं, हिला पोहताना बघायचंच. जिथं कुठं पाणी असेल तिथं घेऊन जायचं.

पाणी होतं नांदेडकडच्या एका वॉटर पार्कात. ते आमच्या वीरभद्रनं, म्हणजे थोरल्या मुलानं, शोधून काढलं. अशा वर्षी असला थाट चालतोच कसा, हे मी विचारलं. तो म्हणाला, "अप्पा, त्यांची सोय हाय. तुम्ही चला फकस्त." रत्नम्माला आम्ही एवढंच सांगितलं की नातवंडांना खेळायला न्यायचंय. खरं सांगितलं असतं तर ती गाडीतच बसली नसती.

आता मला माणसांचा तिटकारा नाही. जन्मभर गिऱ्हाइकं सांभाळली आहेत. पण मजा करायला आलेल्या माणसाइतकं बेजार करणारं गिऱ्हाईक मी दुकानातही बघितलेलं नाही. आत शिरलो, वीरभद्र नातवंडांना घेऊन घसरगुंडीकडं गेला. इकडं लिंबाच्या सावलीत ओळीनं खुर्च्या, आणि एकाही खुर्चीवर माणूस नाही. एकीवर टॉवेल, एकीवर चप्पल, एकीवर अर्धी खाल्लेली भेळ. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तो कायदा इथपर्यंत पोचला होता. पण एसटीत रुमालाच्या मागं निदान माणूस तरी येतो. इथं रुमालवाले पाण्यात आणि आमच्यासारखे म्हातारे उन्हात.

मी एक टॉवेल उचलला, नीट घडी करून बाजूला ठेवला आणि बसलो. रत्नम्मा म्हणाली, "कुणाचं तरी हाय की ते." मी म्हणालो, "असंल. येईल तवा बघू."

समोरच्या हौदात हदगावकडच्या कुठल्याशा बचत गटाच्या बायका होत्या. त्यांनी अख्खा हौद अडवला होता. गोल करून बसलेल्या, काठावर मोठा स्पीकर ठणाणा वाजतोय, आणि बाहेरचं खाणं आणू नये असं लिहिलेल्या पाटीखालीच पिशवीतून धपाटे निघताहेत. मधोमध एक दांडगी बाई, तिला सगळ्या केवळाबाई म्हणत होत्या. तिचा आवाज त्या स्पीकरलाही भारी होता. घसरगुंडीवर एक इसम रांग मोडून पोराला पुढं घालत होता. दुसरा सुती लुंगी नेसून पाण्यात उतरला. नायलॉनचे कपडे नसतील तर पाण्यात उतरू नये, असा तिथला नियम. मी उठून शिट्टीवाल्याला लुंगी दाखवली. त्यानं शिट्टी मारून त्या माणसाला बाहेर काढलं. मला बरं वाटलं. नियम कुणीतरी पाळायला लावला पाहिजे.

परत येऊन बघतो तर रत्नम्मा जागेवर नाही.

हौदाकडं जायच्या वाटेवर उघड्यावर शॉवरची रांग होती. अंग धुऊनच पुढं जायचं. लोक ओले व्हायचे, निघून जायचे आणि शॉवर तसाच सोडायचे. रत्नम्मा हिरव्या इरकलीचा पदर खोचून एकेक शॉवर बंद करत चालली होती. एक केला की दुसरा, तोवर पहिला कुणीतरी पुन्हा सुरू करायचं, की ही माघारी. आमच्या घरी नळाचा आवाज ऐकून महिने लोटले होते. भाजीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं झाडाला, असा तिचा कारभार. त्या हाताला वाहता नळ दिसला की तो आपोआप पुढं जायचा. हे मला कळत होतं, पण तिथल्या लोकांना कसं कळावं?

शेवटच्या शॉवरखाली केवळाबाई डोक्याला शाम्पू लावून उभी होती. केस चोळायला ती जरा बाजूला सरली. रत्नम्मानं शॉवर बंद केला.

"आगं माय! डोळे गेले ना माझे! कोण हाय ते?"

"डोळ्याला तांब्याभर पाणी बास होतंय," रत्नम्मा म्हणाली. "तुम्ही हौदभर सोडलाव."

मी तिला हाताला धरून आणायला निघालो, तोवर ती मुलांच्या हौदाकडं वळली होती. तिथं एक मोठी छत्री होती, तिच्यावरून चहूबाजूंनी पाणी पडायचं. नेमकं त्या वेळी छत्रीखाली कुणी नव्हतं. रत्नम्मानं बाजूच्या खांबावरचं चाक फिरवलं आणि छत्री आटली. पलीकडची दोन कारंजीही आटली, कारण चाक सगळ्यांचं एकच होतं. पोरांनी एकच गिल्ला केला. आणि मग भोंग्यातून, अख्ख्या पार्काला ऐकू जाईल अशा आवाजात, सूचना आली:

"हिरव्या इरकलीतल्या आजींना विनंती, कृपया पाणी बंद करू नये. हिरव्या इरकलीतल्या आजी, कृपया."

मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू? आणि त्याच वेळी थोडा अभिमानही वाटला. एवढ्या पसाऱ्यात पाण्याची फिकीर असलेलं एकच माणूस होतं आणि ते माझं होतं. पण मन खट्टू झालं ते वेगळ्याच कारणानं. ही बाई आज पाण्यात उतरत नाही, हे मला दिसत होतं. जिला शॉवर वाहिलेला सोसत नाही, ती हौदात काय उतरणार! परत लातूरला जायचं, आणि ती विहीर तर कोरडी.

ती येऊन खुर्चीत बसली. "चला घरला," म्हणाली. "हे बघवत न्हाई मला. तिकडं माणसं घागरीसाठी भांडू राहिलेत आन हितं छत्रीवर पाणी सोडलंय."

तेवढ्यात केवळाबाई आली. केस ओले, डोळे लालभडक. ती आधी माझ्याकडं वळली.

"उठा बाबा. ती खुर्ची माझी हाय. टॉवेल टाकून गेलते मी."

"टॉवेल बसत नसतो खुर्चीवर, माणूस बसतो," मी म्हणालो.

"मंग माणूस आला ना आता. उठा."

मी उठलो नाही. ती खुर्चीच्या हातावर टेकली आणि रत्नम्माकडं बघून म्हणाली, "तुम्हीच ना त्या भोंग्यातल्या? कामून बंद करून राहिल्या पाणी, अक्का?"

"वाया चाललंय म्हणून. आमी लातूरचे हाव. आठ-धा दिसाला टँकर येतंय आमच्याकडं."

मला वाटलं आता जुंपणार. पण केवळाबाई खुर्चीच्या हातावरून उठली आणि म्हणाली, "चला माझ्यासंगं. काही तरी दाखवायचंय."

"मला काय बघायचं न्हाई."

"चला म्हणते ना!" आणि तिनं रत्नम्माला मनगटाला धरून ओढतच नेलं. मी मागोमाग. खुर्ची गेली ती गेलीच.

घसरगुंडीच्या मागं जाळीच्या भिंतीआड एक मोठी टाकी होती. शॉवरचं, छत्रीचं, हौदांचं, सगळं पाणी नाल्यांतून त्या टाकीत येत होतं, गाळून पंपानं पुन्हा वर चढत होतं. "तेच पाणी हाय, अक्का. तेच फिरू राहिलं सकाळधरून. मीबी हे बघितल्याबिगर पाय न्हाई टाकला पाण्यात. आमच्याकडंबी बोअर आटल्यात. आमच्या बाया वर्सभर पैसे साठवून आल्यात, पण मी म्हणलं, आधी पाणी कुठं जातं ते बघू, मंग नाचू."

रत्नम्मानं ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. चाळीस वर्षं दुकानदाराच्या घरात काढलेली बाई. ती लिंबाचं एक पान घेऊन शॉवरपाशी गेली, ते तिथल्या नालीत टाकलं आणि चालत परत टाकीपाशी येऊन जाळीवर वाकून बसली. आम्ही दोघं तिच्या पाठीशी उभे. बऱ्याच वेळानं पान आलं आणि जाळीला चिकटलं.

"आलं की," रत्नम्मा म्हणाली. तिच्या कपाळावरची आठी मी सुटताना बघितली. "मंग सकाळीच का न्हाई सांगितलं कुणी? भोंग्यातून नुसतं आजी, आजी!"

मी संधी सोडली नाही. केवळाबाईला म्हणालो, "हिला पोहता येतंय म्हणते."

"म्हणते?" रत्नम्मा गर्रकन वळली. "म्हणते म्हंजे?"

"मी काय बघितलंय का?"

"अक्का, हे थाप समजून राहिले तुमची," केवळाबाईनं तेल ओतलं. "माझ्या नणंदेचा एक जादा ड्रेस हाय. काळा, पायापोतर झाकतंय. चला."

त्या दोघी आत गेल्या. मी खोल हौदाच्या काठाला जाऊन उभा राहिलो. छाती धडधडत होती. बोहल्यावर उभं राहतानाही ती अशी धडधडली नव्हती, कारण तेव्हा मला काही कळत नव्हतं.

रत्नम्मा बाहेर आली ती काळ्या तुमानीत आणि काळ्या सदऱ्यात. केसांचा बुचडा घट्ट बांधलेला, गळ्यातल्या इष्टलिंगाची दोरी आवळून सदऱ्याच्या आत घेतलेली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. केवळाबाईनं तोच आवाज लावला, "ए, सगळ्याजणी काठाला व्हा! गाणं बंद करा ते! अक्काला जागा द्या!" आणि सकाळपासून माझं डोकं उठवणाऱ्या त्या बायका हातातलं धपाटं हातात धरून काठाला सरकल्या. स्पीकर बंद झाला.

ती काठावर बसली. पाण्यात पाय सोडले, ओंजळीनं पाणी घेऊन डोक्याला लावलं. मग एका क्षणी ती काठावर नव्हतीच. पाण्याखाली काळी सावली सरळ चालली होती, लांब, आणखी लांब. पलीकडच्या भिंतीपाशी डोकं वर आलं. तिनं तोंडावरचं पाणी निपटलं आणि वळून हात मारत माघारी निघाली, अगदी सावकाश, वाटेत कुणी ओळखीचं भेटल्यासारखी. बायकांनी टाळ्या पिटल्या. केवळाबाई ओरडत होती, "अक्का! लातूरची अक्का!"

पण तिच्यापेक्षाही मोठ्यानं कुणीतरी ओरडत होतं. "माझी बायको हाय ती! अहो बघा, माझी बायको हाय!" तो मीच होतो. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या वाटेत उभा राहून, एकेकाला दंडाला धरून मी हौदाकडं वळवत होतो. एक पोरगी माझ्यामुळं घसरता घसरता वाचली. तिची आई काहीतरी बोलली, मला ते कळलं नाही. इतका आनंद मला कधी झाला होता ते आठवेना.

रत्नम्मा काठाशी आली, उथळ बाजूच्या पायऱ्यांपाशी पाण्यात उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "बघितलाव का आता?"

"बघितलं."

"मंग या की."

"मला कुठं येतंय?"

"म्हायती हाय मला. मी धरते."

मी एक पायरी उतरलो. मग दुसरी. कमरेपर्यंत गार पाणी आलं आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. तिचे हात घागरी वाहून राठ झालेले, पण पकड अशी की मोटवणावरून सोडलं असतं तरी बुडालो नसतो.

काठावर शिट्टी वाजली. एकदा, दोनदा, मग लांबलचक. कुणीतरी म्हणालं, "काय माणसं येतात हो इथं!" आणि भोंगा पुन्हा सुरू झाला:

"धोतरातल्या आजोबांना विनंती, सुती कपड्यांना पाण्यात मनाई आहे. धोतरातले आजोबा, कृपया ताबडतोब बाहेर या."

"तुम्हालाच म्हणून राहिले," रत्नम्मा हसत म्हणाली.

"म्हणू दे."

"मंग सोडा पाय. मी धरलंय."

मी पाय सोडले.