शून्याचा गठ्ठा

चाचणीवाल्या ताईंचे पाय दुपारपर्यंतच भरून आले होते. पंधरा दिवसांत ही सातवी शाळा. आठवी-नववीच्या मुलांना सोळा प्रश्नांचा कागद द्यायचा: कोणी नसताना आवाज ऐकू येतात का, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटतं का, असले प्रश्न. पुढे 'होय' किंवा 'नाही', आणि शेजारच्या रकान्यात त्याचा त्रास किती. सहा 'होय' झाले की त्या मुलाला बोलावून निवांत बोलायचं. मनाचा मोठा आजार जडण्याआधीच त्याची चाहूल लागावी, एवढाच हेतू. हेतू सोन्यासारखा, पण अकरा वर्षं तेच सोळा प्रश्न वाचून दाखवले की माणूस कंटाळतोच. अलीकडे ताई सरळसरळ पाट्या टाकत होत्या, आणि हे त्यांना कळतही होतं.

आज तर कहरच झाला. बोलावलं की गणिताची परीक्षा बुडते, ही बातमी नववीत फुटली होती. तेवीस वीरांनी सोळाच्या सोळा 'होय' ठोकले. खेळाच्या सामानाच्या खोलीत, चटयांच्या ढिगाशेजारी बसून ताई तेवीसही जणांशी बोलल्या. सुक्याबरोबर ओलं जळायला नको. एकाला आवाज येत होते ते गणिताच्या सरांचे. "फार भयंकर असतात हो, ताई," तो म्हणाला. त्यांना हसूही येईना.

चार वाजता त्या उरलेले कागद बांधायला बसल्या. हे सगळे शून्याचे, म्हणजे एकही 'होय' नसलेले. शून्याचे कागद कोणी वाचत नाही, नुसते मोजायचे आणि गठ्ठा करायचा. दोरी ओढताना वरच्या कागदावर नजर गेली. सोळा वेळा 'नाही'. आणि आवाजांच्या प्रश्नापुढे, त्रासाच्या रकान्यात: खूप.

चुकून लिहिलं असेल. बस साडेचारची होती. गठ्ठा तसाच पिशवीत टाकला असता तरी कोणी जाब विचारला नसता. ताई चरफडत उठल्या आणि तो कागद लिहिणाऱ्या नववीतल्या मुलीला त्यांनी बोलावून घेतलं.

मुलगी आली ती बाह्या मनगटाखाली ओढत.

"अगं, त्रास होतो म्हणतेस, मग 'नाही' का लिहिलंस?"

"कोणी नसताना आवाज येतात का, असं आहे ना त्यात? तसं नाही होत. ते काका असतात की तिथे."

"कोण काका?"

"भिंतीमागचे. दिवसभर माझ्या चुका सांगत बसतात." शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं ती बोलत होती.

ताईंनी कागद पुन्हा वाचला. ज्या पोराला अजून शंका येते, तेच 'होय' लिहितं. जिला शंकाच उरली नाही ती 'नाही' लिहिणार, आणि तिच्या वाट्याला शून्य येणार. अकरा वर्षांत हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"कधीपासून गं?"

"सातवीपासून. मागच्या वर्षी पण मी 'खूप' लिहिलं होतं. तुम्हीच आला होतात. मला वाटलं, बोलवाल. मधेच हाक आली तर, म्हणून मी डबा पण नव्हता उघडला."

गेल्या वर्षीचा गठ्ठाही ताईंनीच बांधला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"माझं चुकलं, बाळा," त्या म्हणाल्या. "मी वाचलंच नाही."

मुलीने ओढून धरलेल्या बाह्या सोडल्या.

"मग आता सांगू?" तिने विचारलं.