एका शर्टातली चार माणसं

पेणच्या डॉक्टरांनी गोदूबाईच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि बोलले मात्र तिच्या मुलीशी. डोळे अधू झाले की कानही जातात अशी या लोकांची समजूत असावी. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली, असं त्यांनी सुगंधाला सांगितलं. गोदूबाईने ते सगळं ऐकलं आणि एसटीची वाट पाहताना एवढंच म्हणाली, "डोळं मिटायच्या आधी त्याला एकदा बघायला मिळालं असतं तर."

तो म्हणजे दत्तात्रेय, तिचा नवरा. सत्त्याण्णव साल चालू होतं आणि त्याला जाऊन बावीस वर्षं झाली होती. उधाणात मिठागराचा बांध फुटला तेव्हा माती टाकायला गेला तो परत आलाच नाही. सुगंधा तेव्हा पोटात होती. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. पण त्याच उन्हाळ्यात कुठलेसे गोरे लोक कॅमेरा घेऊन मिठागरावर आले होते. मीठ वाहणाऱ्यांची त्यांनी फिल्म काढली आणि दत्तात्रेय तिच्यात होता. काय नाव, कुठला देश, काही ठाऊक नाही. गावात सगळे तिला नुसतं 'शूटिंग' म्हणत.

सुगंधा धाटावला एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटरवर बसायची. अख्ख्या कंपनीला एकच ई-मेल. सकाळी अकराला मुंबईला फोन लावून जोडणी करायची, आलेली पत्रं उतरवायची, छापून ज्याच्या त्याच्या ट्रेमध्ये टाकायची आणि फोन तोडायचा. हे काम तिच्याचकडे होतं. कॉम्प्युटरच्या एका मासिकात तिने वाचलं की जुन्या फिल्म्सवर गप्पा मारणाऱ्या लोकांची एक मंडळी आहे. एकाने लिहिलं की ते सगळ्यांच्या पेटीत पडतं. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपली गोष्ट लिहिली आणि कंपनीच्याच पत्त्यावर नाव घातलं.

ही मोठीच घोडचूक झाली. दुसऱ्या दिवशी साठ पत्रं आली. तिच्या प्रश्नाला उत्तर दोघांनी दिलं, बाकीचे अठ्ठावन्न आपापसात भांडत होते. माहितीपटाला फिल्म म्हणावं की नाही, यावर तीन दिवस जुंपली होती. जगभरातली शिकलेली माणसं, पण चावडीवरची मंडळी बरी म्हणायची वेळ आली. सुगंधा रोज ते सगळं उपसायची. कुठेतरी 'मीठ' हा शब्द दिसेल म्हणून डोळ्यांत तेल घालून बघायची. घरी आई वाटीतलं कालवण चाचपून खायला लागली होती.

ऑफिसचे मॅनेजर कमळाकरसाहेब वाईट माणूस नव्हते. पण मुंबईची ऑर्डर या रद्दीखाली अडकून दोन तास उशिरा उतरली, तेव्हा त्यांचाही नाइलाज झाला. शनिवारपर्यंत हे बंद झालं पाहिजे, नाहीतर कॉम्प्युटरवरून उठून गोडाऊनला जावं लागेल, असं त्यांनी बजावलं.

बुधवारी इंगे नावाच्या एका जर्मन बाईचं पत्र आलं. ती निवृत्त ग्रंथपाल होती. तिने भांडणात तोंड न घालता गुपचूप शोधाशोध केली होती. तिच्या गावच्या विद्यापीठाच्या तळघरात बावीस मिनिटांची एक फिल्म होती, कोकणच्या मिठागरांवरची, पंचाहत्तर सालची. तिला ती पाहता येईल, हव्या त्या चेहऱ्याचं चित्र तिच्यातून काढून पाठवता येईल. फक्त तो माणूस ओळखायचा कसा, ते कळवा.

सुगंधाने आईला विचारलं. गोदूबाई झटकन म्हणाली, "चौकड्याचा शर्ट. दुसऱ्या कुणाच्या अंगात शर्ट नव्हताच."

शुक्रवारी इंगेचं उत्तर आलं. चौकड्याच्या शर्टातली चार माणसं आहेत, यातला तुमचा कुठला?

सुगंधाला काही सुधरेना. संध्याकाळी ती बापाच्या मिठागरावरच्या जोडीदाराकडे, विठूकाकाकडे गेली. तो ओशाळून हसला. चौघांच्या टोळीत धड शर्ट एकच होता. फिल्म परदेशात जाणार म्हटल्यावर उघड्या अंगाने जायची सगळ्यांना लाज वाटली. ज्याची पाळी येई तो मिठाच्या राशीमागे जाऊन शर्ट चढवी, टोपली घेऊन कॅमेऱ्यापुढून जाई आणि पुढच्याला काढून देई. गोऱ्यांना वाटलं असेल, इकडे गणवेशासारखे शर्टही वाटून देतात.

शनिवार उरला होता. एक चित्र उतरायला वीस मिनिटं लागायची आणि कमळाकरसाहेबांनी दहा मिनिटांच्या वर फोन धरायला बंदी केली होती. सुगंधाने शुक्रवारीच कुणाला न विचारता चारही चित्रं मागवली होती. अकराला जोडणी केली आणि खुर्चीवरून हलली नाही. साहेब तीनदा येऊन ओरडून गेले. एकदा त्यांनी फोनच्या वायरीला हात घातला, तेव्हा ती त्यांचा हात धरून म्हणाली, "साहेब, गोडाऊनला घाला, काढून टाका, पण आज हे तोडू नका." साहेबांनी हात काढला आणि लेखी खुलासा मागितला.

चार कागद घेऊन ती एसटीत बसली. चार काळेपांढरे चेहरे, सगळ्यांचे डोळे उन्हाने बारीक झालेले. खिडकीच्या काचेत ती आपलं नाक बघे, मग कागदावरचं. एकातही तिला स्वतःचं काही सापडेना. यातला एक माझा बाप आहे आणि मला तो ओळखू येत नाही, या लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोदूबाई उजेडाला दारात बसली होती. तिने एकेक कागद नाकाशी नेला. तिसऱ्याला म्हणाली, "हा." आणि तो मांडीवर ठेवला.

उरलेले तीन कुणाकुणाचे ते विचारायला सुगंधा ते घेऊन विठूकाकाकडे धावली. त्याने पहिलाच कागद उचलला आणि त्याचे डोळे भरून आले. "हा दत्तू." मग आईजवळ राहिलेल्या चित्रातल्या माणसाच्या भुवईवर खूण आहे का, असं त्याने विचारलं. आहे म्हटल्यावर खाली बघत म्हणाला, "तो मी गो."

आईला सांगायचं धाडस सुगंधाला झालं नाही. कुठला चेहरा उराशी धरून तिने अंधारात जायचं? "आई, कागद चुरगळतोय, सरळ करून देते," असं म्हणत तिने विठूकाकाचा कागद काढून घेतला आणि खरा पुढे केला.

गोदूबाईने कागद डोळ्यांशी नेला, मघाइतकाच वेळ धरला आणि मान हलवली. "हाच. उन्हाने कसे डोळे बारीक केलेत बघ."

कागदाची कोरी बाजू तिच्याकडे होती.

सुगंधा तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसली. तिने विचारलं, "कधीपासून, आई?"

"गणपती गेले तेव्हापासून." गोदूबाई शांतपणे म्हणाली. "आधी बोलली असती तर तू शोधायचं सोडलं असतंस. मला तो पाठ हाय गो. तुला मी कुठनं दाखवणार होती?"

तिने कागद चाचपत लेकीच्या हातात दिला. सुगंधाने तो उलटा केला आणि बापाकडे पाहिलं.

"बोल ना," आई म्हणाली. "कसा दिसतोय?"

"कपाळ मोठं हाय," सुगंधाने सुरुवात केली, आणि आईचं बोट धरून त्या कपाळावर ठेवलं.