खोकून दाखवण्याचं काम

गेली एकोणीस वर्षं मी टीबीसाठी लोकांचे बेडके तपासते. चारचौघांत कुणी विचारलं, की माझा नवरा घाईघाईने "ती हॉस्पिटलात असते" म्हणतो आणि विषय बदलतो. मला माझ्या कामाची लाज नाही. मला राग येतो तो लोकांना खोकता येत नाही याचा. डबी हातात दिली की माणसं तोंडातल्या तोंडात चुळबुळ करतात आणि चमचाभर लाळ आणून देतात. लाळेत काय कप्पाळ सापडणार? छातीच्या तळातून आलं पाहिजे, दाट आणि चिकट. म्हणून मी प्रत्येकाला मागच्या अंगणात नेते आणि स्वतः खोकून दाखवते. दोनदा खोल श्वास घेऊन सोडायचा, तिसरा धरून ठेवायचा, मग पोटातून खोकायचं. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही.

त्यामुळे मला घरीही खोकला यायला लागला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. नवरा म्हणाला, "ड्युटी संपली तुझी, आता पुरे." मीही हसले. दिवसाला तीस वेळा खोकून दाखवणाऱ्या बाईचा घसा धरणारच.

माझी आई तेवढी हसली नाही. ती आमच्याकडेच असते, सत्त्याहत्तर वर्षांची, अंगात मूठभर जीव. रात्री तिला उठताना धरावं लागतं, म्हणून मी तिच्याच शेजारी झोपते. ती म्हणाली, "हा खोकला कामाचा नाही."

मी म्हटलं, "आई, निदान खोकला तरी मला शिकवू नकोस."

तीन आठवडे असे गेले. आज सकाळी एक म्हातारे शिंपी दुसऱ्यांदा डबी घ्यायला आले. मी त्यांना खोकून दाखवलं. ते मान डोलावून म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही नाटक केलं होतं, बाई. आज मनापासून खोकलात."

शिंपी गेले. दारात आमची नवी टेक्निशियन उभी होती, नोकरीला जेमतेम आठ महिने झालेली. तिने एक रिकामी डबी माझ्या हातात ठेवली. मी घाबरले. स्वतःसाठी नाही. तीन आठवडे मी आईच्या तोंडाशी तोंड करून झोपत होते.

मी डबी भरून दिली. पोरीने ती उजेडात धरली आणि परत केली. "ताई, ही लाळ आहे."

"एकोणीस वर्षं झाली मला इथे."

"ओळखीचं माणूस असलं तरी परत पाठवायचं, असं तुम्हीच शिकवलंत."

दुसरी डबीही परत आली. भीतीने माझा खोकलाच पळाला होता, बेडका येणार कुठून? शेवटी ती मला अंगणात घेऊन गेली आणि म्हणाली, "मी दाखवते." आणि तिने खोकून दाखवलं. रजा मागण्याआधी साहेबांसमोर घसा साफ करावा, तसं. मला हसू आलं, आवरेना, आणि हसता हसता छातीच्या तळातून ते आलं. दाट आणि चिकट. पोरगी खूश झाली. तिला वाटलं, तिच्या शिकवण्याने जमलं.

तासाभराने ती मायक्रोस्कोपपुढून उठली आणि खुर्ची मला दिली. निळ्या रंगावर टीबीच्या बारीक लाल काड्या. हजारदा पाहिलेल्या. या माझ्या होत्या.

"आईला आणायला हवं," मी म्हटलं. "तिला कसं जमेल? तिच्यात तेवढा जोरच नाही."

पोरीने रजिस्टर माझ्याकडे वळवलं. "आजी येऊन गेल्या. परवा आणि काल, रिक्षा करून एकट्याच, तुम्ही अंगणात असताना. दोन्ही नमुने पहिल्या झटक्यात दिले. काही निघालं नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या."

"का?"

"म्हणाल्या, आधी माझं बघ. मला काही असलं, तर ती माझ्यामागे धावेल आणि स्वतःचं तपासायचंच विसरेल. माझं साफ निघालं, की तिच्या हातात डबी दे." पोरीने रजिस्टर मिटलं. "मी त्यांना खोकून दाखवणार होते. तर म्हणाल्या, राहू दे बाळ, माझी मुलगी रोज रात्री दाखवते."

मी पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले आणि पोटभर रडले. मास्क भिजून चिंब झाला. पोरीने मला दुसरा आणून दिला.