जनरल गप्प बसला त्याची गोष्ट

आमचा एल्याकीम, म्हणजे माझा नवरा, सैन्यात जनरल होता, तेव्हा "माझ्या मागे या!" एवढंच ओरडायचा आणि सगळे मागे जायचे. एकदा टेकडी चुकली, तरी गेले. आपण बोलायचं आणि जगाने ऐकायचं, ही समजूत तेव्हा त्याच्या डोक्यात बसली ती निवृत्तीनंतरही उतरली नाही. राजकारणात आला. एका पक्षात भांडला, दुसऱ्यात रुसला, तिसरा स्वतःच काढला. त्यात शेवटी तो आणि मी उरलो, आणि मत मीही दुसऱ्यालाच दिलं. मग तो आमच्या तेल-रोतेम गावाचा नगराध्यक्ष झाला. सकाळी कचऱ्याच्या गाड्या ओळीत उभ्या करून सलामी घ्यायचा. घरी मला कोण विचारतंय!

यंदा पुन्हा निवडणूक लागली आणि गाडं अडलं ओहायोन घराण्यापाशी. मुलं, जावई, सुना, नातवंडं धरून वरची अर्धी आळी त्यांचीच. ते जिकडे, तिकडे गुलाल. नेमका मतदानाच्या तोंडावर त्यांचा म्हातारा मखलूफ गेला.

"चल, सुतकाच्या घरी जाऊन येऊ," एल्याकीम म्हणाला. खिशात भाषण तयार होतं.

"तो कागद ठेव घरी. आपल्या ज्यूंच्या रीतीने सुतकात घरचं माणूस आधी बोलतं. त्याची बायको मसऊदा बोलल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

"मला रीत शिकवतेस, झिवा? दोन मिनिटं गप्प बसायची नाही ती. ओळखतो मी तिला."

ओहायोनांचं दार सताड उघडं होतं, सुतकाच्या रीतीने आरसे झाकलेले. मसऊदा जमिनीलगतच्या गादीवर बसली होती. तिने एल्याकीमकडे नीट पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

आम्ही बसलो. पुदिन्याचा चहा आला, गार झाला. एल्याकीम खाकरला. मसऊदा गप्प. तिची पोरं भिंतीला टेकून उभी, त्यांच्यातही हूं की चूं नाही. उठून जायचं तर निघताना सांत्वनाचे शब्द म्हणावे लागतात, आणि आधी ती बोलल्याशिवाय तेही म्हणता येईनात. तोफांच्या माऱ्यात न हललेला माणूस चुळबुळ करायला लागला. कान लालबुंद झाले. सुतकाचं घर होतं म्हणून, नाहीतर मला हसू आवरलं नसतं.

शेवटी मसऊदा बोलली. "किती वेळ झाला, एल्याकीम?"

"तासभर झाला असेल," तो गरीब गाईसारखा म्हणाला.

"माझा मखलूफ तुझ्या ऑफिसात एवढाच वेळ बसला होता. तू त्याला लढाई सांगितलीस. रणगाडे, धूळ, सगळं. घरी आल्यावर मी विचारलं, काम झालं का रे? तर म्हणतो कसा, मला बोलायलाच मिळालं नाही गं. माणूस इतका रंगात आला होता, मध्येच कसं तोडायचं?"

एल्याकीमने तोंड उघडलं. आता भाषण सुटणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"काय काम होतं त्याचं?" त्याने विचारलं.

"दवाखान्याच्या बसथांब्यावर बाक नाही. गुडघे धरून उन्हात उभा राहायचा बिचारा."

दुसऱ्या दिवशी तिथे बाक बसला. ओहायोन मंडळी त्यावर ऐसपैस बसली, त्यांनी आपसात विचारविनिमय केला आणि सगळी मतं विरोधकाला टाकली. आमचा जनरल सपाटून आपटला.

निकालाच्या सकाळी तो सॅलडसाठी काकड्या चिरत होता. आता कृतघ्न जनतेवर व्याख्यान ऐकावं लागणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. त्याने सुरी खाली ठेवली.

"झिवा, तुला काय वाटतं? माझं कुठे चुकलं?"

इतक्या वर्षांच्या संसारात माणसाने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ते पुसलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बस," मी म्हटलं. "वेळ लागेल."